कीड मरो, मधमाशी राहो

आमच्या गच्चीवर पावट्याचा एक वेल आहे. बेळगावात पावटा लावण्यात विशेष काही नाही. आम्ही पावटा म्हणतो, शेजारचे अवरेकाई म्हणतात, आणि उसळ दोन्ही घरांत सारख्याच आवडीने खाल्ली जाते. २०२१ च्या नोव्हेंबरात हा वेल असा काही बहरला, की जिन्याच्या पत्र्यापर्यंत जांभळे तुरे चढले. आठ दिवसांनी त्याच तुऱ्यांच्या देठांवर काळ्या माव्याची पुटं दिसू लागली. देठ चिकट झाले, कळ्या आखडल्या, मुंग्यांची रांग लागली. शहापूरला जाणं झालं तेव्हा बियाण्यांच्या एका दुकानात विचारलं. दुकानदाराने छोटी बाटली दिली आणि म्हणाला, "मॅडम, एकदा मारा, महिनाभर बघायला नको."

रविवारी सकाळी नऊ वाजता मी पंप भरून गच्चीवर गेले. शेजारच्या अज्जी त्यांच्या गच्चीवर सांडगे वाळत घालत होत्या. त्यांचं माहेर शिरसीकडचं, पण पन्नास वर्षांत बोली पार इकडची झालेली. त्यांनी माझ्या हातातला पंप पाहिला आणि म्हणाल्या, "यव्वा, हूविन्याग जेनु कुंताव, ईग होडिब्याड." फुलांत माश्या बसल्या आहेत, आत्ता मारू नको. मी म्हटलं, "अज्जी, थोडंच मारते, माव्यापुरतं." आणि मारलं.

दुपारी कपडे काढायला गेले, तर फरशीवर मधमाश्या पडलेल्या. काही मेलेल्या, काही अजून गोल गोल फिरत होत्या. मी मोजायला लागले आणि सत्तरच्या पुढे सोडून दिलं. अज्जींनी कठड्यावरून पाहिलं, पण एक शब्द बोलल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

अज्जींच्या जुन्या दगडी भिंतीत, माळ्याच्या खिडकीशेजारी एक भोक आहे. त्यात कित्येक वर्षं सातेरी माश्यांचं मोहोळ होतं. घराला रंग देताना, वायरिंग करताना, नातवाचं लग्न निघालं तेव्हासुद्धा अज्जींनी त्या भोकाला कुणाला हात लावू दिला नव्हता. त्यामागचं कारण मला नंतर कळलं. त्यांच्या माहेरी माडीखाली मधाच्या पेट्या असायच्या. १९९१-९२ मध्ये थाई सॅकब्रूड नावाचा विषाणूरोग कर्नाटकात पसरला. त्यात अळ्यांची पाण्याने भरलेली पिशवी होऊन त्या कोषात जाण्याआधीच मरतात. दक्षिण भारतातल्या सातेरीच्या बहुतेक वसाहती त्या साथीत गेल्या, आणि अज्जींच्या भावाच्या पेट्याही त्यातच गेल्या. भिंतीतलं मोहोळ त्यांच्या लेखी माहेरचं उरलेलं माणूस होतं.

मी मराठी शिकवते, विज्ञान नाही. त्यामुळे सोमवारी काडेपेटीत पाच-सहा मेलेल्या माश्या घेऊन आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांकडे गेले. त्यांनी भिंग लावलं आणि म्हणाले, "जीभ बाहेर आलीय बघा. विषबाधेत पुष्कळदा असंच होतं." मग बाटलीवरचं नाव विचारलं. ते इमिडाक्लोप्रिड होतं. सर म्हणाले, "एका गच्चीने मोहोळ मरत नाही हो." मला क्षणभर हलकं वाटलं. पुढे त्यांनी विचारलं, "तुमच्या गल्लीत गच्चीवर बाग किती जणांची आहे?" मी मनातल्या मनात मोजलं. अकरा. आणि बहुतेक जण त्याच दुकानात जाणारे.

संक्रांतीपर्यंत भिंतीतला आवाज थांबला. अज्जींच्या नातवाने टॉर्च मारून पाहिलं तेव्हा पोळ्यांना मेणकिड्याची जाळी लागली होती. मोहोळ अशक्त झालं, की हा किडा शिरतोच.

"औषध" हा शब्द

भाषेची शिक्षिका म्हणून मला एक गोष्ट तेव्हापासून खटकते. आपण मराठीत "औषध मारलं" म्हणतो आणि कन्नडमध्येही तोच शब्द वापरतो. तापाचं औषध, खोकल्याचं औषध आणि माव्याचं औषध, सगळं एका रांगेत. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मात्र कुणीतरी "विषारी औषध प्राशन" केलेलं असतं, तेव्हा आपल्याला त्या बाटलीत काय आहे ते आठवतं. दुकानात "विष द्या" असं म्हणावं लागलं असतं, तर मी फुलावर फवारण्याआधी दोनदा विचार केला असता असं वाटतं.

इमिडाक्लोप्रिड हे आंतरप्रवाही विष आहे. पानावर मारलं तरी ते झाडाच्या रसात उतरतं आणि तिथून परागकणांत आणि मकरंदातही जातं. म्हणजे फवारणीच्या वेळी जी माशी तिथे नव्हती, तिलाही चार दिवसांनी त्याचा घोट मिळतो. कमी मात्रेत ती मरत नाही, पण वाट चुकते, घरी परतत नाही. परतली तर तोच पराग पोळ्यातल्या पिल्लांना भरवते. "महिनाभर बघायला नको" या वाक्याचा अर्थ असा होता. युरोपीय संघाने २०१८ मध्ये या कुळातल्या इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम या तिघांचा उघड्या शेतातला वापर बंद केला. आपल्याकडे ही नावं दुकानाच्या फळीवर सहज सापडतात.

या कुळाला निओनिकोटिनॉइड म्हणतात, म्हणजे निकोटिनच्या धर्तीवर बनवलेली नवी विषं. हे कळलं तेव्हा मला निपाणीची आत्या आठवली. पावट्याची हकीकत ऐकून तिने लगेच सांगितलं होतं, "दुकानातलं कशाला आणतीस? तंबाखूचं पाणी मार, घरचं आहे." निपाणीत तंबाखूला काय तोटा! पण तंबाखूच्या काढ्यातलं विष म्हणजे निकोटिनच, नात्याने त्या बाटलीचा आजोबा. ते मधमाशीला मारतं, आणि फवारणाऱ्याच्या कातडीतूनही अंगात जातं. शिवाय तंबाखूतला मोझॅक विषाणू टोमॅटो-मिरचीला लागू शकतो तो वेगळाच. शेवंतीच्या कुळातल्या फुलांपासून काढलेलं पायरेथ्रम घ्या, किंवा मातीतल्या जिवाणूपासून बनलेलं स्पिनोसॅड घ्या. दोन्ही नैसर्गिक आहेत आणि ओल्या फवाऱ्यात दोन्ही मधमाशीला घातक आहेत. "घरगुती" आणि "जैविक" हे शब्द ऐकून निर्धास्त होऊ नये.

दुसरी फसगत रंगाची. कीटकनाशकाच्या डब्यावर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याचा खालचा अर्धा भाग लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो. लाल सर्वात जहाल आणि हिरवा सर्वात सौम्य, हे खरं. पण ही प्रतवारी माणसासारख्या सस्तन प्राण्यांना किती मात्रा घातक, यावर ठरते. मधमाशीचा त्यात हिशेब नाही. हिरवा त्रिकोण पाहून "हे चालेल" म्हणणारे मी कितीतरी पाहिले आहेत, त्यात एकेकाळी मीही होते.

कोण येतं आपल्या फुलांवर

आपल्या भागात चार प्रकारच्या मधमाश्या सहज दिसतात आणि दोन्ही भाषांत त्यांना सुंदर नावं आहेत. मोठ्या झाडाच्या फांदीला किंवा पाण्याच्या टाकीला एकच मोठं पोळं लटकवणारी ती आग्या, म्हणजे हेज्जेनु. भिंतीत, झाडाच्या ढोलीत अंधारात एकाला एक समांतर पोळी बांधणारी सातेरी, म्हणजे तुडुवे जेनु. कुंपणाच्या काटकीवर तळहाताएवढं पोळं करणारी फुलोरी, तिला कन्नडमध्ये कड्डी जेनु किंवा कोल जेनु म्हणतात. आणि नांगी नसलेली, मुंगीएवढी काळी, भिंतीच्या फटीला मेणाची नळी लावणारी पोयाची माशी, म्हणजे मिस्री जेनु. शेवटच्या माशीला पुष्कळ लोक चिलट समजून झुरळाचा स्प्रे मारतात!

यांच्याखेरीज भुंगा आहेच. वांगी-टोमॅटोच्या फुलातला पराग बंद नळीत असतो. भुंगा फुलाला लटकून पंखांचे स्नायू थरथरवतो तेव्हा तो मिठासारखा खाली पडतो. मधमाशीला हे जमत नाही. टोमॅटो वाऱ्यानेही भागवून घेतो, पण भुंगा आला तर फळ जास्त भरतं.

मोहोळ गेलं त्याचा फटका मला पुढच्या पावसाळ्यात कळला. लाल भोपळ्याला मादी फुलं लागत, खाली इवलासा भोपळा दिसे, आणि चार दिवसांत तो पिवळा पडून गळे. खत कमी पडलं म्हणून मी शेणखत घातलं. खरं कारण असं, की भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं. तेवढ्या वेळात नर फुलाचा पराग मादी फुलात कुणीतरी न्यायला हवा. शेवटी मीच सकाळी सातला नर फूल तोडून, पाकळ्या काढून, त्याचा पराग मादी फुलाच्या मधल्या गाठीला लावत हिंडू लागले. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, म्हणून कॉलेजातून आल्यावर दुधीची पाळी. भोपळे लागले, नाही असं नाही. पण माश्या हे काम फुकट करत होत्या, आणि मला सकाळचं पहिलं लेक्चर गाठायचं असे.

मग मावा कसा घालवायचा

हा प्रश्न वाचक विचारणारच, कारण मावा खरा आहे आणि पावटा खायचाही आहे.

माव्याला मी आता पहिल्यांदा नुसतं पाणी मारते. नळीच्या तोंडाशी बोट धरून देठांवर जोराची धार सोडायची, खालचा हात देठाला आधार म्हणून धरायचा. खाली पडलेला मावा बहुधा परत वर चढत नाही. तीन दिवस ओळीने हे केलं, की निम्मं काम होतं. जे शेंडे पार काळे झालेत ते खुडून पिशवीत घालून टाकायचे. मुंग्यांकडे मात्र दुर्लक्ष करू नका. मावा आणि पिठ्या ढेकूण जो गोड चिकट रस टाकतात, त्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात आणि त्यांना खाणाऱ्या किड्यांना हाकलतात. कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवली किंवा खोडाला कागद गुंडाळून त्यावर ग्रीस फासलं, की मुंग्यांचा रस्ता तुटतो. ग्रीस थेट खोडाला लावू नये.

त्यानंतर थांबायचं. हे सगळ्यात अवघड. मावा दिसला, की आठ-दहा दिवसांत ठिपक्यांचे लाल ढालकिडे येतात. त्यांच्या अळ्या सुसरीच्या पिल्लासारख्या दिसतात आणि मोठ्या किड्यांइतक्याच अधाशीपणे मावा खातात. मी पूर्वी या अळ्या कीड समजून चिरडत होते. जास्वंदीवर तर याहून मोठी चूक केली. पिठ्या ढेकणाला खाणारा क्रिप्टोलिमस नावाचा भुंगेरा आहे. तो १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियाहून भारतात आणला गेला. त्याची अळी अंगावर पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्या वाढवते आणि हुबेहूब मोठ्या पिठ्या ढेकणासारखी दिसते. फरक एकच, ती लगबगीने चालते. मी जुन्या टूथब्रशने ढेकूण घासून काढताना रक्षकही घासून काढत होते.

शत्रूकडून शत्रू मारून घेण्याचं आपल्या राज्यातलंच एक उदाहरण सांगते. २००८ च्या सुमारास पपईवरचा पिठ्या ढेकूण भारतात आला. पपई, तुती, जास्वंद सगळीकडे पांढरा थर. लोकांनी फवारण्यांमागून फवारण्या केल्या, पण त्याच्या मेणावरून औषध ओघळून जाई. बेंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेने २०१० मध्ये पोर्टो रिकोहून एक अगदी बारीक गांधीलमाशी आणवली. ती या ढेकणाच्या अंगातच अंडी घालते. ती सोडल्यावर थोड्याच काळात कीड आटोक्यात आली. आज आपल्या पपईवर ढेकूण कमी दिसतो तो त्या माशीमुळे.

पाणी आणि वाट पाहणं दोन्ही पुरलं नाही, तर साबणाचं पाणी. एक लिटर पाण्यात साधारण पाच ग्रॅम मऊ साबण. कपड्यांची पावडर आणि भांड्यांचा कडक साबण नको, त्याने पानं करपतात. रिठ्याचं पाणीही चालतं, आमच्या घरी तेच असतं. साबण किड्याच्या अंगाला लागला तरच काम करतो, वाळल्यावर त्याचा जोर संपतो. म्हणून पानाच्या खालच्या बाजूला नीट भिजवावं लागतं, आणि म्हणूनच नंतर येणाऱ्या माशीला त्याचा त्रास नाही. आधी दोन पानांवर मारून एक दिवस पाहावं.

पानं कुरतडणाऱ्या अळ्या, पांढरी माशी आणि तुडतुडे यांना निंबोळी बरी. कोमट पाण्यात लिटरला पाच मिली निंबोळी तेल, साबणाचे चार थेंब, नाहीतर तेल वर तरंगत राहतं. तयार केलेलं त्याच दिवशी संपवायचं. तेल नको असेल, तर लिटरला पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड रात्रभर भिजत घालून गाळून घ्यावी. बेळगाव शहरात कडुनिंब फारसा नाही, पण पूर्वेला गोकाक-अथणीकडे पाहुणे असतील तर उन्हाळा संपताना पिशवीभर निंबोळ्या मागवाव्यात. कडुनिंब कीड लगेच मारत नाही. तिची भूक आणि वाढ थांबवतो, आणि उन्हात तीन-चार दिवसांत विरतो. "काही उपयोग झाला नाही" म्हणणारे बहुधा दुसऱ्याच दिवशी बघायला जातात.

लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या अळ्यांना तर काहीच मारू नये. आधी पक्ष्याच्या शिटेसारखी आणि मग हिरवीगार होणारी ही अळी म्हणजे उद्याचं फुलपाखरू. झाड लहान असेल तर हाताने उचलून एका जुन्या फांदीवर जमा करा. आमच्याकडे एक अळी दर वर्षी बरणीत वाढते, मुलीचा हट्ट.

दोडका-कारल्याच्या फळमाशीला कोवळ्या फळावर कागदी पिशवी चढवणं हा खात्रीचा उपाय, आणि सडकी फळं वेचून बंद पिशवीत उन्हात ठेवणं हा त्याहून महत्त्वाचा. वेलवर्गासाठी क्यू-ल्यूरचे सापळे मिळतात, त्यात फक्त नर फळमाश्या येतात. गूळ आणि विष घातलेलं आमिष मात्र उघड्यावर ठेवू नका, गुळाला मधमाशीही येते. चिकट पिवळे कार्ड लावत असाल तर फुलांपासून लांब आणि पानांच्या उंचीवर लावा. निळ्या कार्डावर मी स्वतः सातेरी चिकटलेली पाहिली आहे, तेव्हापासून निळं कार्ड आणत नाही.

आणि वेळ. साबण असो की कडुनिंब, सूर्य मावळल्यावरच. सातेरी उजाडता उजाडता कामाला लागते, त्यामुळे "सकाळी लवकर" या सल्ल्याला अर्थ नाही. आग्या तर चांदण्या रात्रीही फुलांवर जाते, म्हणून मी पौर्णिमेच्या आसपास पंप बाहेर काढत नाही. कुणाला हा अतिरेक वाटेल. उमललेल्या फुलांवर काहीच फवारायचं नाही, फक्त पानं आणि देठ. पावट्यासारख्या वेलीत फुलं आणि मावा एकाच तुऱ्यात असतात, तिथे पाण्याची धार आणि बोटं एवढीच हत्यारं.

थोडी लाच मी माश्यांनाही देते. तुळशीच्या सगळ्या मंजिऱ्या खुडत नाही, निम्म्या ठेवते. सासूबाईंना हे आवडलं नव्हतं. एका कुंडीत कोथिंबीर मुद्दाम फुलू देते. तिच्या पांढऱ्या छत्र्यांवर मावा खाणाऱ्या अळ्यांच्या आया येतात. उन्हाळ्यात परातीत पाणी आणि बुडू नयेत म्हणून त्यात चार खडे.

गल्लीतल्या अकरा गच्च्यांपैकी सातजणी आता फुलावर विष मारत नाहीत. उरलेल्या चौघांपैकी एकांचं म्हणणं असं, की माशी चावते, मेलेली बरी. त्यांच्याशी अजून बोलणं चालू आहे. दुकानदाराला मी बाटली परत दिली तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, लोक मागतात म्हणून ठेवतो." हेही खोटं नाही.

तीन पावसाळे भिंतीतलं भोक रिकामं होतं. अज्जींनी नातवाकडून जुनी पोळी काढून घेतली, भोक साफ केलं, आणि आत थोडं मेण चोळायला लावलं. जुन्या मेणाच्या वासाने नवा थवा येतो, हे त्यांचं माहेरचं ज्ञान. २०२५ च्या फेब्रुवारीत एका दुपारी गल्लीत घोंघाट झाला. पोरं घरात पळाली, आणि तासाभराने भोकाच्या तोंडाशी माश्यांची जा-ये सुरू झाली. अज्जींनी मला हाक मारून बोलावलं आणि बोटाने दाखवलं. तीन वर्षांपूर्वीबद्दल तेव्हाही काही बोलल्या नाहीत.

आता मी संध्याकाळी पंप घेऊन वर गेले, की कठड्यापलीकडून आवाज येतो, "एन होड्याकत्ती?"

"रिठ्याचं पाणी, अज्जी."

मग त्या उठून येतात आणि पंपाला नाक लावून बघतात.